घरच्या जुन्या संगणकावर पहिल्यांदाच लिनक्स: ड्युअल बूट नको, वेगळी एसएसडी घ्या

शून्यएक

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१३ ते २०१७ च्या दरम्यान घेतलेले आय३, आय५ वाले लॅपटॉप त्यात बसत नाहीत. ही यंत्रं भंगारात काढण्यासारखी अजिबात नाहीत. लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकायची मोफत प्रणाली) ती अजून कितीतरी वर्षं नीट चालतील, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो, मग चर्चा करू. पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्याने एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी (म्हणजे ड्युअल बूट) टाकू नये. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी (फिरत्या भागांशिवायची वेगवान डिस्क) घ्यावी, लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि कोऱ्या एसएसडीवर एकटं लिनक्स टाकावं. काही बिनसलं तर जुनी डिस्क परत लावायची, विंडोज होतं तसंच्या तसं हजर.

याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. या लॅपटॉपमधली मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क हेच त्यांच्या संथपणाचं मुख्य कारण असतं. लिनक्स टाकूनही ती तशीच ठेवली तर ब्राउझर उघडायला तेवढाच वेळ लागतो, आणि मग 'लिनक्सपण स्लोच आहे' असा निकाल लागतो.

डिस्ट्रो (लिनक्सचा वापरायला तयार संच) म्हणून नवशिक्यांना मी लिनक्स मिंट २२ ची मालिका सुचवेन. ती उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतनं मिळणार आहेत. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन.

जाणकारांनी भर घालावी, खोडून काढायचं तर तेही काढावं.

टर्मिनल_टपरी

मुख्य मुद्द्याला +१. लॅपटॉप उघडायच्या आधीच्या तयारीबद्दल लिहितो, कारण बहुतेक अडचणी तिथेच पेरल्या जातात.

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनचं सगळं एकत्र असलेली) तीन जीबीच्या आसपास आहे, म्हणून पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यावर काही ठेवलं असेल तर आधी उतरवून घ्या. फाइल मोबाइल डेटावरून उतरवत असाल तर टोरंट वापरा. रेंज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं, आणि तुकडे आपोआप तपासले जातात.

थेट उतरवली असेल तर चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा संकेत) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल -हॅशफाइल', मग फाइलचं नाव, मग 'एसएचए२५६'. येणारी ६४ अक्षरांची ओळ मिंटच्या संकेतस्थळावरच्या ओळीशी जुळली पाहिजे. अर्धवट उतरलेली आयएसओ बऱ्याचदा बूट होते, मेन्यूही दाखवते, आणि इन्स्टॉलेशन सत्तर टक्क्यांवर आल्यावर अडकते. त्या वेळी माणूस डिस्कला दोष देतो.

पेनड्राइव्हवर लिहायला रुफस हा प्रोग्राम. पार्टिशन (डिस्कचे भाग) स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय (यंत्र सुरू करायची नवी पद्धत; जुनी ती लेगसी). लिहिताना ते 'आयएसओ मोड की डीडी मोड' विचारतं, तिथे आयएसओ मोड ठेवा. त्याने बूट झालं नाही तरच डीडी मोडने पुन्हा लिहा.

(या धाग्यात आज्ञा उच्चारानुसार लिहितोय. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, तिथे अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

मांडवीकाठ

पेनड्राइव्ह लावला तरी विंडोजच सुरू होतं, अशी पहिली ठेच बऱ्याच जणांना लागते. बूट मेन्यूची कळ कंपनीनुसार कुठली, हे कुणी एका जागी लिहून ठेवाल का? आणि डेस्कटॉपवर दोन्ही डिस्क एकत्र ठेवता येतात, तिथे शून्यएक यांचा सल्ला कसा लागू होतो?

टर्मिनल_टपरी

डेल: एफ१२. एचपी: एस्केप, मग एफ९. लेनोवो: एफ१२, किंवा बाजूला टाचणीएवढं भोक असेल तर यंत्र बंद असताना त्यातलं नोवो बटण दाबायचं. असूस लॅपटॉप: एस्केप. डेस्कटॉपचे मदरबोर्ड: गिगाबाइट एफ१२, असूस एफ८, एमएसआय एफ११. कंपनीचं चिन्ह दिसायच्या आधीपासून कळ टकटक दाबत राहायची, धरून ठेवायची नाही.

एसरची गंमत वेगळी आहे. तिथे एफ१२ चा मेन्यू बऱ्याचदा मुळात बंदच असतो. एफ२ ने बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तो चालू करावा लागतो. शिवाय लिनक्स टाकून झाल्यावर काही एसर 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणून हात वर करतात. तेव्हा बायोसमध्ये सुपरवायझर पासवर्ड ठेवा. त्याशिवाय सिक्युअर बूटचे (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या सोयीचे) पर्याय राखाडीच राहतात. मग 'सिलेक्ट अ‍ॅन यूईएफआय फाइल अ‍ॅज ट्रस्टेड' मधून उबुंटू फोल्डरातली 'शिमएक्स६४' ही फाइल निवडा. (मिंट असलं तरी फोल्डरचं नाव उबुंटूच असतं.) हा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. तो विसरलात तर बायोस उघडणं फार त्रासाचं होतं.

विंडोज चालू असेल तर कळांची धावपळ टाळायचा सोपा मार्ग: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, 'यूज अ डिव्हाइस' मध्ये पेनड्राइव्ह दिसतो.

डेस्कटॉपबद्दल शून्यएक सांगतीलच.

कर्नलपंत

शून्यएक, तुमचा सल्ला २०१५ च्या लॅपटॉपला चोख आहे. पण लोक नव्या लॅपटॉपवरही लिनक्स टाकतात. तिथे अडीच इंची जागाच नसते, एकच एम.२ खाच (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) असते आणि वॉरंटीत मागचं झाकण उघडायची भीती असते. कॉलेजच्या मुलांना दोन्ही लागतं. त्यांना 'ड्युअल बूट करू नका' सांगून उपयोग नाही, नीट कसं करायचं ते सांगायला हवं. ड्युअल बूट बिघडतं ते चार गोष्टी आधी न केल्यामुळे.

पहिली, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, मालकाला पत्ताही नसतो. सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलला की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायोसला हात लावायच्या आधी ती शोधून कागदावर उतरवा, किंवा सेटिंगमधून एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. की नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा गेला असं समजा.

दुसरी, फास्ट स्टार्टअप. हे चालू असताना 'शटडाउन' म्हणजे खरं तर अर्धवट हायबरनेशन असतं. विंडोज आपली सी ड्राइव्ह उघडीच ठेवून झोपतं, आणि लिनक्समध्ये ती एकतर उघडत नाही किंवा फक्त वाचता येते. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की विषय संपला.

तिसरी, जागा. सी ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच लहान करा, लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून नको. किमान ६० जीबी मोकळे करा आणि ती जागा 'अनअलोकेटेड' तशीच सोडा, तिथे नवीन ड्राइव्ह बनवू नका.

चौथी, इंटेल आरएसटी, म्हणजे डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत. बायोसमध्ये साटा किंवा स्टोरेज मोड 'रेड' किंवा 'आरएसटी' असेल तर इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क (एम.२ खाचेतली वेगवान एसएसडी) दिसतच नाही. थेट एएचसीआय हा साधा मोड निवडलात तर विंडोज निळा पडदा दाखवेल. त्याचा क्रम असा: विंडोजमध्ये 'बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल', रीस्टार्ट, त्याच दमात बायोसमध्ये जाऊन एएचसीआय, मग विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं म्हणजे ते योग्य ड्रायव्हर उचलतं, शेवटी 'बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू सेफबूट' आणि पुन्हा रीस्टार्ट.

हे चारही केलं तर ड्युअल बूट वर्षानुवर्षं चालतं.

शून्यएक

कर्नलपंत, चारही मुद्दे मान्य आणि क्रमही अगदी बरोबर. पण हीच यादी माझं म्हणणं सिद्ध करते. ज्याने पार्टिशन हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला, त्याने बीसीडीएडिट चालवावं का? सेफ मोडवाली पायरी चुकली तर विंडोजही गेलं आणि लिनक्सही आलं नाही. एकच खाच असलेला लॅपटॉप असेल तर माझ्या मते आधी महिनाभर लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कवर न टाकता तिथूनच लिनक्स चालवणं) किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारा प्रोग्राम) सवय करावी, मग याला हात घालावा.

झोपाळू_पेंग्विन

लाइव्ह सेशनचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबू या. लोक डेस्कटॉप दिसला की लगेच 'इन्स्टॉल' वर डबल क्लिक करतात. पेनड्राइव्हवरून चालणारं हे मिंट म्हणजे यंत्राची फुकटात पूर्ण परीक्षा आहे, ती घेतल्याशिवाय डिस्कला हात लावू नये.

वायफाय जोडून एखादा व्हिडिओ चालवा. स्पीकर, हेडफोन, माइक तिन्ही तपासा. वेबकॅम, ब्लूटूथ, ब्राइटनेसच्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाकण मिटवून दोन मिनिटांनी उघडा. झोपेतून पडदा काळाच राहिला तर ती अडचण इन्स्टॉल केल्यावरही राहणार, तेव्हा आत्ताच कळलेलं बरं.

वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते, नाहीतर रिअलटेकचं एखादं मॉडेल. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' दिलं की नाव कळतं. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला तो वायर्ड नेटवर्कसारखा लगेच दिसतो. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या बूटला निळ्या पार्श्वभूमीवर 'एनरोल एमओके' असा मेन्यू येतो. तिथे तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. लोक गोंधळून 'कंटिन्यू' दाबतात आणि ड्रायव्हर असूनही चालत नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचंही हेच.

पेनड्राइव्हवरून सुरू होतानाच पडदा काळा पडला किंवा गोठला तर पहिल्या मेन्यूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. एनव्हिडिया कार्ड असलेल्या यंत्रांवर हे बऱ्याचदा लागतं.

वाचकमात्र

वाचनखूण साठवली. एक शंका: ४ जीबी रॅमवर एक्सएफसीईच का? एलएक्सक्यूटी हे दुसरं डेस्कटॉप-वातावरण त्याहून हलकं ना?

कर्नलपंत

हलकं आहे, पण त्या फरकाने तुमचं काम अडत नाही. डेस्कटॉपपेक्षा कितीतरी जास्त रॅम ब्राउझर खातो. पाच-सहा टॅब, त्यात एक यूट्यूब आणि एक जीमेल, की ४ जीबी भरली. म्हणून अजून हलका डेस्कटॉप शोधत बसण्यापेक्षा दोन कामं करा. एक, झेडरॅम-कॉन्फिग हे पॅकेज टाका. रॅममधला सध्या न लागणारा डेटा रॅममध्येच दाबून बसवला जातो, तो डिस्कवर हलवायची (स्वॅप करायची) वेळ उशिरा येते. दोन, रॅमच वाढवा. पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. दुकानदार साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ पुढे करील. ती खाचेत बसते, पण यंत्र सुरू होईलच असं नाही. जुन्या पट्टीवरचं लेबल वाचून 'पीसी३एल' हीच अक्षरं बघून घ्या.

आणि ३२ बिटवाल्यांना निरोप: मिंट २२ फक्त ६४ बिट आहे. डेबियननेही ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीवरचं इन्स्टॉलेशन बंद केलं. कोअर २ ड्युओ मात्र ६४ बिट आहेत, त्यांची काळजी नाही.

मुळाक्षर

आता मराठीचं बघू, कारण इथल्या वाचकांना दुसऱ्याच दिवशी हा प्रश्न पडणार.

वाचण्यासाठी काही करावं लागत नाही, देवनागरी पहिल्यापासून दिसते. टाइप करायचे दोन रस्ते आहेत. इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट जोडताना भारत या गटात मराठीचं सुधारित इन्स्क्रिप्ट आहे, तेवढं पुरतं. तिथेच कगप फोनेटिकही मिळेल. पण रोमन स्पेलिंग मारून मराठी उमटवायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजं टाका, 'इनपुट मेथड' मध्ये आयबस निवडा, आणि लॉग आउट करून परत आत या. हे लॉग आउट चुकवू नका, नाहीतर सगळं बरोबर करूनही काहीच उमटत नाही. मग आयबसच्या प्राधान्यांत 'अ‍ॅड' करून मराठी उघडा: आयट्रान्स, फोनेटिक, इन्स्क्रिप्ट, रेमिंग्टन, आणि संकेतस्थळांवर टंकायची सवय झालेल्यांसाठी गमभनसुद्धा. विंडोजची कळ आणि स्पेस मिळून भाषा बदलते.

दुसरं. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर लिबरऑफिसला मजकूर मराठी आहे हे सांगावं लागतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस मध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून भाषा मराठी ठेवा. तिथे हिंदी राहिली तर नोटो फॉन्टमध्ये ल हिंदी वळणाचा दिसतो आणि माणूस उगाच फॉन्ट बदलत बसतो.

आणि एक सावधगिरी. इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडली तर डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स या फोल्डरांची नावंही देवनागरीत बनतात. दिसायला छान, पण टर्मिनलमध्ये तिथे जाताना दर वेळी कीबोर्ड बदलावा लागतो. सुरुवातीला इंग्रजी निवडा. नंतर भाषा बदलल्यावर फोल्डरांची नावं बदलायची का असं विचारतात, तिथे 'नाही' म्हणा.

हिशेबनीस

@मुळाक्षर, श्रीलिपी आणि कृतिदेवमधल्या जुन्या फाइलींचं काय? डीटीपीवाल्यांकडे, सोसायट्यांच्या दप्तरात सगळं त्याच फॉन्टमध्ये आहे.

मुळाक्षर

ते फॉन्ट युनिकोड नाहीत. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरांचेच संकेत असतात, फॉन्ट फक्त वरून देवनागरी आकार दाखवतो. कृतिदेवची टीटीएफ फाइल होम फोल्डरातल्या '.फॉन्ट्स' मध्ये टाकली तर जुनी फाइल वाचता येते, छापता येते. पण संपादन करायचं असेल तर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, आणि त्यानंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. चुका हमखास तिथेच होतात. रोज श्रीलिपीतच काम देणं-घेणं असेल तर त्या यंत्रावरचं विंडोज काढू नका.

हिशेबनीस

पटलं. तीच गोष्ट हिशेबाच्या कामाला. टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) चालवायचे प्रयोग करायला हरकत नाही, पण ग्राहकाची खाती त्यावर ठेवू नयेत. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लिनक्सला ओळखता येतात, अडतं ते पोर्टलच्या सही करणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. निविदा किंवा कंपनी कायद्याचे फॉर्म भरायचे असतील तर एक विंडोज यंत्र बाजूला असू द्या. नेटबँकिंग, रेल्वे तिकीट, आयकर विवरणपत्र ऑनलाइन भरणं ही ब्राउझरमधली कामं आहेत, ती लिनक्सवर व्यवस्थित होतात.

आणि प्रिंटर आधी बघा हो! लिनक्स टाकल्यावर नाही, आधी.

टर्मिनल_टपरी

प्रिंटरला अनुमोदन. आपल्याकडे घरोघरी, दुकानोदुकानी दिसणारे तीन घ्या.

एचपी लेझरजेट १०२० आणि त्याची भावंडं: यांच्यात स्वतःचं फर्मवेअर साठवलेलं नसतं, दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवायचं असतं. म्हणून एचपीलिप हा एचपीचा लिनक्स ड्रायव्हर टाकून 'एचपी-सेटअप' चालवा आणि ते प्लगइन मागेल तेव्हा 'हो' म्हणा. प्लगइन नेटवरून येतं. ते एचपीलिपच्याच आवृत्तीचं असावं लागतं, त्यामुळे एचपीलिप अद्ययावत झाल्यावर प्रिंटर अचानक गप्प झाला तर प्लगइन पुन्हा टाका.

एप्सनचे टाकीवाले एल मालिकेतले: 'प्रिंटर-ड्रायव्हर-एस्क्पर' हे पॅकेज बहुतेकांना पुरतं.

कॅनन एलबीपी २९००: याची कॅप्ट नावाची वेगळीच भाषा आहे. लिनक्सचा ड्रायव्हर आहे, पण जुना आणि बसवायला किचकट. नवशिक्याने त्याच्या भरवशावर राहू नये. हा प्रिंटर रोज लागत असेल तर आधी लाइव्ह पेनड्राइव्हवर खटाटोप करून बघा.

वायफायवाले नवे प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवायच दिसतात.

सह्यकडा

गावाकडे वीज जाते त्याबद्दल कुणीच बोललं नाही. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर अद्यतनं चालू असताना वीज गेल्यावर काय?

झोपाळू_पेंग्विन

महत्त्वाचा प्रश्न. दोन वेगवेगळे प्रकार होतात.

अद्यतन मध्येच तुटलं तर पुढच्या वेळी अपडेट मॅनेजर 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असा संदेश देतो. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या, तो अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करतो. मग 'सुडो अ‍ॅप्ट -एफ इन्स्टॉल'. नेहमीच्या वेळी एवढ्याने भागतं.

दुसऱ्या प्रकारात यंत्र चालू करताच काळ्या पडद्यावर '(इनिटरॅमएफएस)' एवढंच येऊन थांबतं. घाबरू नका, डेटा बहुधा जागेवरच असतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलप्रणालीत जर्नल (बदलांची नोंदवही) असतं, साधा गोंधळ ते स्वतः निस्तरतं. हा पडदा आला म्हणजे त्याला तुमची परवानगी हवी आहे. वरच्या ओळींत पार्टिशनचं नाव लिहिलेलं असतं, समजा एसडीए२. डिस्क तपासायची आज्ञा 'एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२', ती संपली की 'एक्झिट'. असं वारंवार व्हायला लागलं तर मात्र डिस्कवर संशय घ्या. मिंटच्या 'डिस्क्स' मध्ये तीन ठिपक्यांच्या मेन्यूत स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) आहे. 'रीअलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' सेक्टरचे आकडे वाढत असतील तर आधी डेटा दुसरीकडे हलवा, मग दुरुस्तीचं बघा.

मिंटमधलं टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा. वाईट अद्यतनातून ते यंत्र मागे नेतं. पण ते प्रणालीचे फोटो काढतं, तुमच्या होम फोल्डरातल्या फाइली मुळात त्यात धरलेल्या नसतात. बॅकअप वेगळा, बाहेरच्या डिस्कवर.

हडसनकाठ

परदेशातून आईबाबांचं यंत्र सांभाळणाऱ्यांसाठी थोडी भर. मिंटचे सिनॅमन आणि एक्सएफसीई दोन्ही अजून मुळात एक्स११ या पडदा दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर चालतात, त्यामुळे रस्टडेस्कसारखं दूरनियंत्रण सरळ चालतं. वेलँड या नव्या व्यवस्थेवर तिकडच्या माणसाला दर वेळी परवानगीचं बटण दाबावं लागू शकतं. रस्टडेस्कमध्ये कायमचा पासवर्ड ठरवा आणि ते सेवा म्हणून बसवा, म्हणजे लॉगिनच्या पडद्यालाही जोडता येतं. अपडेट मॅनेजरच्या प्राधान्यांत 'ऑटोमेशन' टॅबमध्ये अद्यतनं आपोआप लावणं आणि जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) काढणं, दोन्हीवर खूण करा. आईबाबांचं खातं अ‍ॅडमिन ठेवू नका, सुडोचा अधिकार वेगळ्या खात्याला द्या.

अवांतर: डेस्कटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब, बँक आणि बातम्या अशी तीन मोठी चिन्हं ठेवली की ज्येष्ठांची रोजची बरीच वाट सोपी होते. मिंटमधलं 'वेब अ‍ॅप्स' त्यासाठीच आहे.

मांडवीकाठ

सगळं वाचलं, पण माझा डेस्कटॉपचा प्रश्न राहूनच गेला. एच८१ मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा आय३, एका हार्ड डिस्कवर विंडोज १०. नवी एसएसडी दुसऱ्या साटा पोर्टला लावून लिनक्स टाकायचं आणि दोन्ही डिस्क आतच ठेवायच्या. चालेल ना?

शून्यएक

चालेल, आणि डेस्कटॉपला तेच उत्तम. फक्त एक अट: इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. नुसती दुसरी डिस्क निवडून भागत नाही, कारण सांगतो.

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कुठल्या डिस्कवर टाकायचा हे निवडायची जागा आहे. पण यूईएफआय मोडमध्ये तो ती निवड पाळत नाही. पहिल्या डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायचा भाग) सापडलं तर ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर तिथेच ठेवून देतो. म्हणजे लिनक्स नव्या एसएसडीवर आणि त्याची सुरुवात मात्र विंडोजच्या डिस्कवर. उद्या ती जुनी डिस्क मेली किंवा काढली की लिनक्सही उठत नाही. केबल काढलेली असली की इन्स्टॉलरला एकच डिस्क दिसते, 'इरेज डिस्क' निर्धास्तपणे निवडता येतं, आणि ईएफआय पार्टिशन एसएसडीवरच बनतं. लॅपटॉपला जुनी डिस्क काढून ठेवा म्हणतो तेव्हा हे आपोआपच साधतं.

कर्नलपंत

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. इथे मीही वेगळ्या डिस्कच्याच बाजूने. त्या काळच्या बोर्डांवर विंडोज बऱ्याचदा लेगसी मोडमध्ये टाकलेलं असतं, तेही आधी बघून घ्या. विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवलं की 'बायोस मोड' पुढे लेगसी की यूईएफआय ते लिहिलेलं असतं. लेगसी असेल तर बायोसमध्ये सीएसएम (लेगसी पद्धत चालू देणारी सोय) चालूच ठेवा, नाहीतर विंडोज उठणार नाही. पेनड्राइव्ह मात्र बूट मेन्यूत 'यूईएफआय:' असं आधी लिहिलेला निवडा.

आणखी एक. दोन्ही प्रणाली एकाच बोर्डचं घड्याळ वापरतात. लिनक्स त्यात यूटीसी लिहितं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, त्यामुळे विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं दिसेल. बोर्डची बॅटरी बदलू नका, ती निर्दोष आहे. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' दिलं की दोन्हीकडे वेळ जुळते.

मांडवीकाठ

धन्यवाद दोघांनाही. केबल परत लावल्यावर ग्रबच्या मेन्यूत विंडोज आपोआप दिसेल का?

शून्यएक

दोन्ही यूईएफआय असतील तर दिसू शकेल. 'सुडो अपडेट-ग्रब' देऊन बघा. तरी दिसलं नाही तर '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' या फाइलीत 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ आहे का बघा. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधणं मुळात बंद असतं, या ओळीने ते चालू होतं. ओळ घातल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्या.

तुमचं विंडोज लेगसी निघालं तर या फंदात पडू नका, कारण यूईएफआयमधला ग्रब लेगसी विंडोजला सुरू करू शकत नाही. बायोसमध्ये एसएसडी पहिली ठेवा, म्हणजे रोज लिनक्स उघडेल, आणि विंडोज लागेल त्या दिवशी बोर्डच्या बूट मेन्यूतून जुनी डिस्क निवडा. केबल परत लावताना यंत्र बंद करून मागचा स्विचही बंद करा.